दोन नाइटांच्या मधे एक खोली उघडा

प्रति,
नागपुरातल्या नाट्यगृहांचे आणि सभागृहांचे व्यवस्थापक व विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ऑर्गन आणि पेटी वाजवतो. राहतो नागपूरच्या महाल भागात. तीस वर्षं हेच काम करतोय. दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, आणि उरलेलं वर्ष मुंबई-पुण्याहून विदर्भाच्या दौऱ्यावर येणाऱ्या संगीत नाटकांबरोबर. पडदा वर गेल्यावर आम्ही काय करतो ते तुम्ही पाहता. हे पत्र त्यानंतरच्या वेळेबद्दल आहे. रात्री पडदा पडतो तेव्हापासून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उघडेपर्यंत वादक कुठे असतो, काय करतो, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय. त्या वेळेत तुमच्या इमारतीतली एक खोली आम्हाला हवी आहे. मागणी एवढीच आहे, पण ती का आहे हे नीट सांगायचं तर मला गेल्या मे महिन्यातला एक दिवस सांगावा लागेल.

आदल्या रात्री चंद्रपूरला प्रयोग होता. सामान भरून निघेपर्यंत दीड वाजला. पहाटे पाचच्या सुमारास नागपुरात शिरलो. बाहेरगावच्या मंडळींना लॉजच्या खोल्या दुपारी बाराला मिळणार होत्या, प्रयोग रात्री साडेआठचा, आणि सभागृह आमच्या ताब्यात चार वाजता येणार होतं. सकाळचं सत्र रिकामं होतं. तसं बाहेरच्या फळ्यावरच दिसत होतं, त्या दिवसाच्या सकाळपुढे नुसती रेघ होती. आम्ही वॉचमनना विचारलं, निदान वाद्यं तरी आत ठेवू द्या. ते म्हणाले, "भाऊ, चारच्या आत कोनालेच सोडू नोको म्हनून सांगतलं हाये. माही नोकरी जाईन." त्यांचं बरोबरच होतं. उलट त्यांनी आपल्या माठातलं पाणी आम्हाला दिलं आणि स्वतःची खुर्ची आमच्या गायिकेला बसायला दिली. त्यांच्याविषयी माझी कणभर तक्रार नाही.

आठ वाजेपर्यंत ठीक होतं. दहा वाजता भिंतीची सावली पायापाशी आली. नागपूरच्या मे महिन्याबद्दल नागपूरकरांना मी काय सांगणार? पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या ट्रकमध्ये हात लावता येत नाही. त्या ट्रकमध्ये आमचे तबले होते.

तबलजी आमचा काळजीवाहू माणूस. चंद्रपूरलाच त्याने वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने वर घेऊन तबले उतरवून ठेवले होते, वर दोन-दोन चादरी गुंडाळल्या होत्या. तरी त्याच्या मनाला चैन पडेना. अकराच्या सुमारास त्याने पिशव्या खाली घेतल्या आणि कडुलिंबाखाली बसून एकेक चेन उघडली. तिसरी उघडली आणि तो तसाच बसून राहिला. काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराचा, तबला होता. चाटेच्या कडेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, बोटभर उलली होती. त्याने त्या भेगेवरून अंगठा फिरवला, पिशवी परत बंद केली, आणि बराच वेळ कोणाशी बोलला नाही. आमच्या गायिकेची सगळी पदं त्या तबल्यावर होती.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माझ्या पेटीचे सूर पितळेच्या पट्ट्यांचे असतात, ऊन-थंडीने ते फारसे हलत नाहीत. तबल्याचं तसं नाही. ते कातडं आहे. कोरड्या उन्हात ते आवळतं आणि सूर वर चढतो, दमट हवेत ते सैल पडतं आणि सूर उतरतो. म्हणून तबल्याला प्रयोगाआधी दोन-तीन तास एका जागी, एका हवेत राहू द्यावं लागतं. त्याला ट्रकमधून थेट रंगमंचावर नेलं की तो रात्रभर हलत राहतो. त्या दिवशी माझ्या ओळखीच्या एका वादकाने स्वतःचा तबला आणून दिला. त्याच्या घरी कूलर चालू, म्हणजे हवा ओलसर. तुमच्या सभागृहात एसी, म्हणजे हवा थंड आणि कोरडी. पहिल्या अंकात तबला पदागणिक चढत गेला. दोन पदांच्या मधे, संवाद चालू असताना, आमचा माणूस अंधारात हातोडीने गठ्ठे ठोकत होता आणि ठोक ऐकू जाऊ नये म्हणून त्यावर रुमाल धरत होता. पहिल्या रांगेतल्या कोणीतरी मागे वळून पाहिलं. त्या प्रेक्षकाचं लक्ष त्या क्षणी नाटकावरून उडालं, आणि त्याचं कारण सकाळी अकरा वाजता कुलूप लावलेली एक खोली होती.

तुमच्या सभागृहातली ती खोली मी पाहिलेली आहे. रंगपटांच्या, म्हणजे मेकअपच्या खोल्यांच्या, पलीकडे असते, बहुतेक सगळीकडे असते. तुटलेल्या खुर्च्या, जुने बॅनर, एखादं बंद पडलेलं पोडियम. ती रिकामी करायला दोन माणसांना अर्धा दिवस पुरेल.

आता गायिकेबद्दल. रात्रभर बसच्या खिडकीतून गरम वारा लागून तिचा गळा कोरडा पडला होता. सकाळी ती म्हणाली, "मास्तर, आज काळी चार नाही झेपणार. पांढरी पाच करू या का?" ऐकायला ही अर्ध्या सुराची गोष्ट आहे. पण ऑर्गनवर सा काळ्या पट्टीवरून पांढऱ्यावर आला की प्रत्येक बोटाची वाट बदलते. ज्या पदाला हात झोपेतही जातो, तेच पद पुन्हा मोजून मापून वाजवावं लागतं. तीस वर्षांनंतरही लागतं. तिलाही ताना कुठे कमी करायच्या, कुठे श्वास घ्यायचा हे ठरवायचं होतं. त्यासाठी आम्हाला एक तास, एक पेटी आणि चार भिंती हव्या होत्या. आम्ही पायऱ्यांवर बसलो. मोबाईलवरचा तानपुरा लावला, अगदी हळू. पेटीचा भाता मी अर्धाच उघडत होतो. दुसऱ्या पदाला कार्यालयातून एक गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, इथे गाणं नको, आत काम चालू आहे. आम्ही थांबलो. नाटकाच्या इमारतीच्या पायरीवर नाटकातलं पद म्हणायला मनाई व्हावी, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

लॉजमध्ये का नाही करत, असं कोणी विचारेल. लॉजमध्ये शेजारच्या खोलीत रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो, मॅनेजर दार वाजवतो, आणि त्याचंही चूक नसतं.

बायकांचा प्रश्न मी वेगळा लिहितो, कारण आमच्यातल्या बायका तो कधी स्वतःहून मांडत नाहीत. सकाळी पाचपासून बाहेरच्या स्वच्छतागृहाला कुलूप. शेवटी साडेअकराला मी दोन रिक्षा केल्या आणि सगळ्यांना महालात माझ्या घरी नेलं. घर दोन खोल्यांचं. माझ्या बायकोने वरण-भात टाकला, कैरीचं पन्हं केलं, आणि कूलरसमोर सात माणसं ओळीने आडवी झाली. गायिका पाचच मिनिटांत झोपली, पंच्याने तोंड झाकून. मला त्या दिवशी समाधान वाटलं, पण माझं घर काही दर दौऱ्याला पुरणार नाही. आणि ज्या शहरात माझ्यासारखा कोणी ओळखीचा नाही तिथून आलेल्या मंडळींनी काय करावं?

हा दिवस काही विशेष नव्हता. तबला उलला म्हणून तो लक्षात राहिला. एरवी आमचे दिवस असेच जातात आणि त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. दोन प्रयोगांच्या मधे वादक आराम करतो असं घरच्यांनाही वाटतं. नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळते ती वाजवण्याची, मधल्या दिवसाचा फक्त भत्ता. पण खरं काम पुष्कळदा त्या मधल्या दिवशीच असतं. अकोल्याला एकदा ऑर्गनचा मधल्या सप्तकातला गंधार मुका झाला. प्रवासात धूळ बसते, सूर अडकतो. दुसऱ्या दिवशी लॉजच्या पलंगावर चादर पसरून मी मागची फळी उघडली, पंखा बंद केला, आकड्याने तो सूर खोबणीतून ओढून काढला, पट्टीखालून पातळ कागद सरकवला. केसाएवढा कण निघाला. तेवढ्यासाठी दीड तास, आणि घामाचा थेंब सुरावर पडू नये म्हणून डोक्याला फडकं बांधून. पायट्याचे, म्हणजे पायाने हवा भरायच्या फळ्यांचे, पट्टे झिजतात, ते शिवायचे असतात. भात्याचं कातडं कोरडं पडून हवा सोडतं, तिथे पातळ चामड्याचा तुकडा लावून तो वाळेपर्यंत हलवायचं नसतं. ही कामं उजेडात, टेबलावर, धूळ नसलेल्या जागी करायची असतात. ती आम्ही पलंगावर, बसच्या सीटवर आणि तुमच्या पार्किंगमध्ये करतो.

आता मी जे सांगणार आहे ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

झाडीपट्टी म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचे चार जिल्हे, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. धान घरात आलं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, मंडईला नाटक लागतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं ठाणं. रात्री दहाच्या पुढे नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत. 2023 मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा नागपुरातल्या बऱ्याच लोकांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मी तिथे इतके हिवाळे वाजवलं आहे की सगळी गावं आता आठवत नाहीत. तिथे एसी नाही. मंडप कनातीचा, वीज कुठून ओढलेली असते ते विचारू नये, वादक स्टेजसमोर थंडीत कानटोपी घालून बसतात.

पण पहाटे नाटक संपलं की गावातला कोणीतरी माणूस येतो, हातातला कंदील किंवा आता मोबाईलचा टॉर्च पुढे धरतो आणि आपल्या घरी घेऊन जातो. वडशाच्या पुढचं एक गाव आहे, नाव सांगत नाही, तिथल्या एका म्हाताऱ्या आईच्या घरी मी चार हिवाळे दिवसा झोपलो. धानाची पोती एका बाजूला रचलेली, शेणाने सारवलेली जमीन, त्यावर तणसीवर घातलेली गोधडी. माझी पेटी ती माऊली कणगीशेजारी उंचावर ठेवायची, उंदीर लागू नये म्हणून. पहिल्या सकाळी मला झोप येईना, बाहेर पोरं खेळत होती. ती काठी घेऊन ओसरीवर बसली आणि मला म्हणाली, "निजा जी मास्तर. मी हाओ ना इथंच." दुपारी दोनपर्यंत त्या ओसरीवर कोणी मोठ्याने बोललं नाही. उठलो तर भात, वांग्याची भाजी आणि आंघोळीला गरम पाणी. ती कधी नाटकाला आली नाही, तिचे गुडघे धरलेले होते. तरी मंडईत नाटक करायला आलेला माणूस दिवसा कुठेतरी निजला पाहिजे, एवढं तिला न सांगता कळत होतं.

तिथून दीडशे किलोमीटरवर माझं स्वतःचं शहर आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं शहर, ज्यांचं 'कट्यार काळजात घुसली' 1967 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातले खाँसाहेब साकारणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात वाढले, इथेच सूर शिकले. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे. रेशीमबागेत 2017 मध्ये सुरेश भटांच्या नावाचं सभागृह उभं राहिलं. 2019 मध्ये 99वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन याच शहरात भरलं आणि आम्ही सगळे अभिमानाने तिथे फिरलो. शब्दांच्या आणि सुरांच्या माणसांची नावं आपण इमारतींना दिली, हे मला मनापासून आवडतं. मी इथे कोणत्याही एका सभागृहाकडे बोट दाखवत नाही. मे महिन्यातली ती जागा कोणती, हेही लिहिलेलं नाही, कारण असंच मला अनेक गावांत आणि अनेक इमारतींत पाहायला मिळालं आहे आणि एकाला दोष देऊन काही बदलणार नाही. मला बदल हवा आहे, आणि तो माझ्या शहरातून सुरू व्हावा असं वाटतं.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत, कारण त्या मी समोर बसून ऐकल्या आहेत. सत्राप्रमाणे भाडं असतं, एकाला आधी आत सोडलं तर उद्या लग्नाचे लोकही सकाळी सहाला येऊन बसतील. मग हे नियमात लिहा की ही खोली फक्त त्या दिवशीच्या प्रयोगाच्या वादक-कलावंतांसाठी आहे. नावांची यादी निर्माता आदल्या दिवशी देईल. वीजबिल येईल, तर आकार लावा. आम्ही निर्मात्याला सांगू, आणि निर्माता नाही म्हणाला तर मी आणि माझे सोबती आपसात वर्गणी काढून देऊ, हे मी जबाबदारीने लिहितोय. चोरीची भीती असेल तर अनामत घ्या, वहीत सही घ्या, ओळखपत्र ठेवून घ्या. रंगमंच आम्ही मागत नाही, रंगपटही नाही.

खोली कशी असावी हे सांगतो, म्हणजे गैरसमज नको. दहा बाय बारा पुरे. खिडकी एक, पण वाद्यांवर थेट ऊन येणार नाही अशी. अर्थिंग असलेला प्लग, कारण आता आमच्यात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजवणारेही आहेत आणि अर्थिंग नसेल तर स्पीकरमध्ये गुणगुण येते. हात नसलेली एक खुर्ची, पेटीवाल्याला कोपर मोकळं लागतं. एक सतरंजी. कूलर ठेवलात तर त्याची हवा वाद्यांकडे नको, माणसांकडे. शेजारचं स्वच्छतागृह सकाळपासून उघडं. आणि दाराला आतून कडी, बाहेरून कुलूप.

कुलूप का, तर लागोपाठ दोन दिवस प्रयोग असला आणि मधल्या सकाळी सभागृहात शाळेचा कार्यक्रम असला की आम्हाला रात्री एकला सगळं बाहेर काढावं लागतं. सेट काढणं समजू शकतो, रंगमंच मोकळा हवाच. पण ऑर्गन चार माणसं उचलून ट्रकमध्ये चढवतात आणि सकाळी अकराला तोच ऑर्गन त्याच दारातून परत आत आणतात. प्रत्येक चढउतारात एखादा सूर हलतो, एखादा सांधा सुटतो. असे चांगले ऑर्गन आता फार थोडे उरले आहेत आणि ते दुरुस्त करणारे हात त्याहून थोडे. माझा ऑर्गन माझ्या गुरुजींचा आहे. त्याच्या डाव्या पायट्यावर त्यांच्या पायाचा खळगा पडलेला आहे, माझा पाय बरोबर त्यात बसतो. तो एक रात्र कुलपात राहिला तर पुढची दहा वर्षं वाजेल.

येत्या मे महिन्यात आमचा दौरा पुन्हा आहे. नागपूरचे दोन प्रयोग ठरले आहेत. तुमच्यापैकी कोणीही एकाने हो म्हटलं तर एप्रिलमध्येच मी येतो. खोली रिकामी करायला लागतील ती माणसं मी आणीन, आमचा तबलजीही त्यासाठी आदल्या रात्री पुण्याहून निघायला तयार आहे. चुना मारायचा असेल तर तोही मारू. किल्ली वॉचमनकडेच राहू द्या. त्या दिवशी स्वतःची खुर्ची देणारे वॉचमन अजून तिथेच आहेत, परवाच भेटले. त्यांना फक्त तुमचा लेखी कागद हवा आहे, सकाळी सहाला दार उघडायला ते तयार आहेत.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक ऑर्गनवादक
महाल, नागपूर